पुसलेली पाटी

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मी शगाल या ज्यू चित्रकाराचं ‘व्हाइट क्रूसिफिक्शन’, म्हणजे क्रूसावरच्या येशूचं चित्र, बघायला गेले आणि चित्र असं बघितलंच नाही. डावीकडे खालच्या कोपऱ्यात निळ्या झग्यातला एक दाढीवाला म्हातारा आहे. त्याच्या छातीवर पांढरी पाटी आहे. त्या पाटीवर काही दिसतंय का, हे मी पंधरा मिनिटं शोधत होते. बरोबर आलेली भाची कंटाळून बाकावर जाऊन बसली. मी वाकले, तिरकी झाले, उजेडाच्या बाजूने बघितलं. रखवालदारीण दोनदा खाकरली.

चित्र पहिल्यांदा पुरं झालं तेव्हा त्या पाटीवर जर्मनमध्ये तीन शब्द होते, ‘इश बिन यूडं’. म्हणजे मी ज्यू आहे. पुढे शगालनंच ते पांढऱ्या रंगाखाली घालवले. उजवीकडे पेटलेल्या सिनेगॉगपाशी, ज्यूंच्या प्रार्थनास्थळापाशी, एक गणवेशातला माणूस आहे. त्याच्या दंडावरच्या पट्टीवरची नाझी खूणही त्यानं अशीच झाकली. का झाकली, यावर अभ्यासकांचे अंदाज आहेत. युद्ध दारात आलेलं, चित्र पॅरिसमध्ये, अंगावर येईल एवढं उघड बोलणं धोक्याचं, असं एक कारण सांगतात. चित्र एका सालात अडकून राहू नये, असं दुसरं. मला दोन्ही पटतात. पण मी शिकागोला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात कारणापेक्षा ती पांढरी जागाच बसली होती. माणसानं एवढं मोठं, जवळजवळ पाच फुटी चित्र काढावं, त्यात आपण कोण ते लिहावं आणि मग ब्रश घेऊन पुसावं.

अक्षरं दिसली नाहीत. अर्थात.

माझं बालपण अलिबागचं. इस्राएल आळीतलं एक घर आमच्या आईच्या मैत्रिणीचं, म्हणजे माझ्या मावशींचं. त्यांच्या ओटीवर शिरलं की समोर भिंतीवर एक फ्रेम होती. ज्वाळांचा रथ, उधळलेले घोडे, रथात पांढऱ्या दाढीचा माणूस, खाली ढग. शेजारी बँकेचं कॅलेंडर. आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हा मी मोठ्या माणसासारखं विचारलं होतं, “मावशी, तुमच्यात देवाचे फोटो लावत नाहीत ना? मग हा कोण?”

“हा देव नाही गो. हा एलियाहू हन्नाबी. नबी आहे.”

मराठी बायबलात ती आज्ञा आहेच, कोरीव मूर्ती करू नको. आणि तरी आमच्या भागातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घराघरांत ही तसबीर. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची चाकं उमटली आहेत, तिथूनच तो वर गेला, असं मावशी सांगायच्या आणि आम्हाला ते अगदी साहजिक वाटायचं. आमच्याही देवांची पावलं कुठे कुठे उमटलेली होतीच की. नवस फेडायचा असला की त्यांच्याकडे मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. ताट मधे ठेवून एलियाहूचं नाव घेत हिब्रूत प्रार्थना, आणि ती संपली की पुढचं सगळं मराठीत, अगदी “पोहे जरा कोरडे झाले” इथपासून. गावातली जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, कारण तेलाचा घाणा शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या वारी, बंद.

ज्यूंना चित्रकला वर्ज्य, असं कुणी ठासून सांगितलं की मला आधी ती ओटी आठवते. पुढे आधुनिक चित्रकारांबद्दल वाचायला लागले तेव्हाही ती ओटी मधेमधे येत राहिली. अजून येते.

शगालचा जन्म १८८७चा, वीतेब्स्कचा. तेव्हा रशियन साम्राज्यात, आता बेलारूसमध्ये. जवळजवळ निम्मं शहर ज्यूंचं. वडील हेरिंग माशांच्या वखारीत पिंपं उचलायचे. हेरिंग म्हणजे तिकडचं सुकट-बोंबील समजा. गरिबाचं खाणं, आणि ज्याच्या हाताला तो वास लागला त्याचा तो सुटत नाही. घरात भाषा यिद्दिश, पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. मोइशे नावाचा हा मुलगा पॅरिसला जाऊन मार्क झाला आणि त्याच्या चित्रांतली माणसं उडायला लागली. कवी अपोलिनेर त्याच्या स्टुडिओत आला, चित्रं बघून पुटपुटला, ‘अतिनैसर्गिक!’ पुढे लोकांनी स्वप्न म्हटलं, अबोध मन म्हटलं, सररिअलिझमचा आगाऊ हप्ता म्हटलं.

‘वीतेब्स्कवरून’ हे १९१४च्या सुमाराचं चित्र घ्या. बर्फानं भरलेला रस्ता, चर्च, आणि वर आकाशात पाठीवर झोळी टाकलेला एक म्हातारा, घरांच्या वरून तरंगत चाललेला. आता यिद्दिशमध्ये दारोदार भीक मागत फिरणाऱ्याला म्हणतात ‘तो घरांवरून जातो’. बस. शगालनं वाक्प्रचार घेतला आणि जसाच्या तसा काढला. त्याआधीचं एक आत्मचित्र आहे, त्यात डाव्या हाताला सात बोटं आहेत. ‘सातही बोटांनी’ काम करणं म्हणजे यिद्दिशमध्ये जीव ओतून करणं. त्या चित्रात खिडकीबाहेर आयफेल टॉवर, डोक्याशी ढगात वीतेब्स्क, आणि वर दोन शब्द हिब्रू लिपीत, रशिया आणि पॅरिस. फ्रेंच प्रेक्षकाला ती लिपी नक्षी वाटली असेल.

हे वाचलं त्या रात्री मला झोप येईना. आपल्याकडच्या एखाद्यानं ‘पोटात कावळे ओरडतात’ हे असंच काढलं तर? दोन चाळींच्या मधे उभा माणूस, सदऱ्याची बटणं उघडी, आत तीन कावळे चोच वासून. अंगाचा तिळपापड झालेली बाई. कानामागून येऊन तिखट झालेला गृहस्थ. मराठी माणूस खो खो हसेल, आणि परदेशातला समीक्षक अबोध मनावर दहा पानं लिहील. शगालचं ज्यूपण मी आधी रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, दाढ्यांत, मेणबत्त्यांत, छपरावरच्या फिडलवाल्यात शोधत होते. ते तिथेही आहे, नाही असं नाही. पण ते रंगांच्या आधी त्याच्या जिभेवर होतं. घरी बोलताना ज्या गोष्टी माणूस विचार न करता बोलतो, त्या त्यानं चितारल्या. ज्याला यिद्दिश येत होतं त्याला ती चित्रं ऐकू आली असणार.

‘ज्यू कला’ असं काही असतं का, हा वाद जुना आहे. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ज्यू म्युझियममध्ये हॅरल्ड रोझेनबर्ग या समीक्षकानं यावर भाषण केलं आणि सुरुवातच विनोदानं केली. आधी ज्यू म्युझियम बांधतात आणि मग विचारतात, ज्यू कला असते का! या प्रश्नाला इतरेजनांची उत्तरं दोन, हो आणि नाही. ज्यू माणसाचं उत्तर एकच, ‘ज्यू कला म्हणजे तुम्हाला म्हणायचंय काय?’ यापलीकडे त्या वादात मला रस नाही. त्याच अमेरिकेत आजच्या लाटव्हियातल्या द्विन्स्कचा मार्कस रोथकोविच हा चित्रकार मार्क रोथको झाला आणि त्याच्या रंगांच्या धूसर चौकटींत लोक तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ), प्रार्थना, शोक असं काय काय वाचतात. लहानपणी घरात एकट्या त्यालाच धार्मिक पाठशाळेत घातलं होतं, हे खरं. पण त्यानं स्वतः कधी आपल्या चित्रांवर ‘ज्यू कला’ हे नाव लावू दिलं नाही, तर मी कोण लावणारी.

त्यापेक्षा सुटीनबद्दल बोलते.

खाइम सुटीन मिन्स्कजवळच्या स्मिलोविची गावचा, १८९३चा. कपडे दुरुस्त करणाऱ्या बापाची अकरा मुलं, त्यातला हा दहावा. लहानपणी त्यानं गावातल्या एका धर्मशील म्हाताऱ्याचं चित्र काढलं म्हणून त्याला बेदम मारलं, आईनं नुकसानभरपाईचे पंचवीस रूबल वसूल केले आणि त्या पैशावर तो चित्रकला शिकायला निघाला, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, चित्रकलेची फी मार खाऊन भरली गेली ही कल्पना मला मोडवत नाही. पॅरिसमध्ये हा शगालच्याच वाऱ्यावर आलेला, पण याच्या चित्रांत एक रब्बी नाही, मेणबत्ती नाही, शनिवार नाही. वाकड्या टेकड्या, हॉटेलातले वेटर, केक करणारी पोरं. आणि मेलेली जनावरं.

१९२५च्या सुमारास त्यानं स्टुडिओत अख्खा सोललेला बैल टांगला. लूव्रमध्ये रेम्ब्रांटचा तसा बैल आहे, त्याच्यावर याचा जीव जडलेला. दिवस गेले तसं मांस काळं पडायला लागलं. हा खाटिकखान्यातून बादलीभर रक्त आणायचा आणि त्यावर ओतायचा, म्हणजे लाल परत लाल व्हायचं. माश्या, वास, शेजाऱ्यांच्या तक्रारी. शेवटी आरोग्य खात्याची माणसं दारात.

कलेच्या पुस्तकांत हा किस्सा वेडेपणाचा म्हणून येतो. मला मात्र मावशींचं स्वयंपाकघर आठवलं. मटण आणलं की त्या आधी ते पाण्यात ठेवायच्या, मग मीठ चोळून निथळत ठेवायच्या, मग धुवायच्या, पुन्हा धुवायच्या. रक्ताचा थेंब पोटात जाता कामा नये. रक्तात जीव असतो, तो आपला नाही. आमच्या आईला हा सगळा खटाटोप वाटायचा आणि ती तसं बोलूनही दाखवायची. (मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूधच का, दही का नाही, तेही मला तिथेच कळलं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही.) आता हा सुटीन बघा. अशाच घरातून आलेला, निथळणारं मांस बघत वाढलेला. आणि पॅरिसमध्ये तो तेच रक्त बादलीनं परत घालतोय. लहानपणी खाटिक पक्ष्याची मान कापत होता, मला ओरडायचं होतं पण ती ओरड घशातच राहिली, ती अजून तिथे आहे, अशा अर्थाचं तो एकदा बोलल्याची नोंद आहे. ज्यानं ज्यू विषय हातात धरला नाही म्हणून समीक्षक सांगतात, त्याच्या त्या लालभडक बैलाइतकं मावशींच्या घरचं मला दुसऱ्या कुठल्याच चित्रात दिसलेलं नाही. शगालच्याही नाही.

जर्मन पॅरिसमध्ये आले तेव्हा सुटीन खेड्यापाड्यांत लपत राहिला. पोटातला अल्सर फुटला, शस्त्रक्रियेसाठी त्याला पॅरिसला आणायला फार उशीर झाला. ऑगस्ट १९४३मध्ये तो गेला.

पुसलेल्या पाटीकडे परत येते, कारण पुसण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

१८७९ साली म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात बर्लिनच्या माक्स लीबरमननं एक चित्र लावलं, ‘बारा वर्षांचा येशू मंदिरात’. बायबलातला प्रसंग. पोरगा पंडितांशी वाद घालतोय आणि म्हातारे ऐकतायत. लीबरमनचा येशू अनवाणी होता, काळ्या विस्कटलेल्या केसांचा, हातवारे करत बोलणारा. कुठल्याही गल्लीत दिसेल असा ज्यू पोरगा. म्हणजे खरं तर येशू जसा असणार तसाच. पण गदारोळ झाला. वर्तमानपत्रांनी झोडपलं, बव्हेरियाच्या विधिमंडळात चर्चा झाली, आणि एका ज्यू चित्रकारानं आमच्या देवाला असं काढावं, हा खरा सल होता. पुढे लीबरमननं ते चित्र परत हातात घेतलं. आज ते हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. त्यातला येशू नीटनेटका आहे, पायात चपला आहेत, केस सोनेरी, खांद्यावर रुळणारे. आधीचा पोरगा कसा होता ते एका रेखाटनावरून कळतं. तो रंगाखाली आहे.

लीबरमन त्यानंतर कितीतरी वर्षं धार्मिक विषयाकडे फिरकला नाही. त्यानं हॉलंडमधल्या विणकर बायका काढल्या, समुद्रकाठचे घोडेस्वार काढले, वानझेच्या आपल्या बागेतली फुलं काढली. बर्लिनमध्ये प्रशियाच्या कला अकादमीचा अध्यक्ष झाला. इतका जर्मन, इतका प्रतिष्ठित. ३० जानेवारी १९३३च्या रात्री ब्रांडेनबुर्ग फाटकाशेजारच्या आपल्या घरातून त्यानं नाझींची मशाल मिरवणूक बघितली. त्या वेळचं त्याचं वाक्य बर्लिनकर अजून सांगतात, मला जितकं ओकावंसं वाटतंय तितकं खाताही यायचं नाही. काही महिन्यांत त्यानं अकादमी सोडली, १९३५मध्ये वारला. बायको मार्था मागे राहिली. १९४३ साली तिला छावणीत न्यायला येणार असं कळल्यावर तिनं विष घेतलं.

लीबरमनच्या येशूचे केस सोनेरी झाल्यावर साठेक वर्षांनी शगालनं त्याच येशूच्या कमरेला टालिथ गुंडाळली, ज्यू पुरुषांची काळ्या पट्ट्यांची प्रार्थनेची शाल. काट्यांच्या मुकुटाऐवजी डोक्याला साधं फडकं. साल १९३८. त्या जूनमध्ये म्युनिकचं मोठं सिनेगॉग पाडलं, ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गचं, नोव्हेंबरमध्ये तर एका रात्रीत शेकडो जाळली. चित्रात क्रूसाच्या भोवती हेच चाललंय. उलटी झालेली घरं, लाल झेंडे घेतलेली टोळी, माणसांनी भरलेली होडी, तोरा उराशी धरून पळणारा एक जण. येशूकडे कुणी बघतही नाही. प्रत्येकाला आपापलं पडलंय. लीबरमनकडून जो पोरगा पुसून घेतला, तो असा मोठा होऊन परत आला. हे दोन्ही चित्रकारांच्या मनात जोडलेलं होतं असं मी म्हणत नाही. माझ्या मनात ते जोडलेलं आहे.

आणि तरी पाटी पुसलीच.

या सगळ्याचा एक धागा मुंबईत निघतो, तो मला उशिरा सापडला. पीटर्सबर्गच्या झ्वांत्सेवा कलाशाळेत बाक्स्ट या चित्रकाराच्या हाताखाली शगाल शिकला, तिथेच मागदा नाखमान नावाची मुलगी शिकत होती. वडील ज्यू, आई लुथरन. त्स्वेतायेवा या कवयित्रीचं तिनं १९१३मध्ये व्यक्तिचित्र केलं. पुढे एम. पी. टी. आचार्य या भारतीय क्रांतिकारकाशी लग्न केलं, बर्लिनला राहिली, आणि हिटलर आल्यावर दोघं मुंबईत. शगाल न्यूयॉर्कला निसटला, ही मुंबईला. इथली माणसं काढत राहिली, गरिबीत. फेब्रुवारी १९५१मध्ये तिच्या प्रदर्शनाचं उद्घाटन काही तासांवर असताना ती गेली. त्याच काळात ज्यू मुळाची किंवा ज्यू नात्याची आणखी तीन माणसं युरोपातून मुंबईत आलेली, लांगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेझिंगर. हुसेन, रझा, आरा यांच्या पिढीला चित्रं दाखवणारी, त्यांच्याबद्दल लिहिणारी, त्यांची चित्रं विकत घेणारी माणसं ती हीच.

आणि आपल्यातली म्हणावी अशी सिओना बेंजामिन. मुंबईची बेने इस्राएल, जे. जे.ची, आता न्यू जर्सीत राहते. तिच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात, कृष्णासारख्या. आभाळाचा आणि समुद्राचा रंग, म्हणून कुठलाच देश नसलेला आणि सगळीकडचा, असं ती सांगते. एका चित्रात त्या निळ्या बाईला देवीसारखे अनेक हात आहेत आणि त्या हातांचाच सात फांद्यांचा मेनोरा, ज्यूंची दिव्यांची समई, झालाय. कुणाला ते फार जुळवून आणलेलं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. मग आठवलं, रथातला एलियाहू आणि बँकेचं कॅलेंडर एकाच खिळ्यांच्या रांगेत होते. तिथे कुणी काही जुळवायला गेलं नव्हतं.

मावशी आता ठाण्यात भाच्याकडे असतात. नजर बरी आहे, गुडघे गेलेत. शिकागोहून आल्यावर मी त्यांना फोनवर ते चित्र दाखवलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

“येशू आहे ना हा? मग याच्या कमरेला सिसिथ कशाला?” टालिथला मावशी सिसिथ म्हणतात.

“तो ज्यूच होता ना, मावशी. म्हणून चित्रकारानं…”

“होता की. पण सिसिथ कमरेला नाही गो बांधत. खांद्यावर घेतात.”

मी डावा कोपरा मोठा करून दाखवला. इथे आधी लिहिलं होतं, मी ज्यू आहे म्हणून. नंतर त्यानंच पुसलं. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा थोरला भाऊ साठ सालाच्या आसपास इस्राएलला गेला होता. बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या आईबापांची, आज्यापणज्यांची चौकशी करा, ते खरे ज्यू आहेत का बघा, असं तेव्हा तिथल्या मुख्य रब्बींनी काढलं होतं. जेरुसलेममध्ये लोक धरणं धरून बसले, तेव्हा कुठे १९६४मध्ये ते मिटलं.

“आमच्या दादाकडे तिकडे लिहून मागितलं होतं,” त्या म्हणाल्या. “अलिबागहून कागद पाठवायला लागला.”

मग त्यांचं बोट उजवीकडे गेलं. तिथे हिरव्या डगल्यातला एक माणूस आहे, पाठीवर झोळी. तोराच्या पेटलेल्या गुंडाळीच्या धुरातून ओलांडून चाललेला. वीतेब्स्कच्या घरांवरून जाणारा तोच, फक्त आता जमिनीवर उतरलेला.

“हा कोण?”

“काही जण म्हणतात, हा एलियाहू हन्नाबी.”

“हा?” मावशींनी चष्मा वर केला. “मग रथ कुठाय?”

मी चित्र सगळीकडून सरकवून दाखवलं. होडी, छपरं, शिडी, ज्वाळा. रथ नव्हता.

“चालतच निघालाय,” मावशी म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात दिला.